वर्गात ‘कशावरून?’ विचारताना

मी महाविद्यालयात पदवी आणि पदव्युत्तर वर्गांना इतिहास शिकवते. ३० नोव्हेंबर २०२२ रोजी चॅटजीपीटी सर्वांसाठी खुलं झालं आणि बघता बघता ते विद्यार्थ्यांच्या मोबाईलवर पोचलं. एम.ए.चा प्रकल्प असो, सेमिनारचा पेपर असो की पीएच.डी.चा आराखडा, एआयचा हात न लागलेलं लिखाण आता क्वचितच समोर येतं. बंदी घालून हे थांबत नाही आणि डोळेझाक केली तर शिकणंच थांबतं. या दोन्हींच्या मधून वाट काढताना माझ्या मनात जे पक्कं झालं, ते इथे मांडते.

१. यंत्र कसं चालतं, हे पहिल्याच तासाला सांगावं.
विद्यार्थ्यांना वाटतं की आत कुठेतरी भलंमोठं ग्रंथालय आहे आणि यंत्र त्यातून उत्तर शोधून आणतं. प्रत्यक्षात भाषेचं मॉडेल अफाट मजकुरावरून शब्दांची संगत शिकतं आणि पुढे कोणता शब्द येणं संभवतं, हे ठरवत वाक्य रचत जातं. काही साधनं आता इंटरनेटवर शोधही घेतात. पण वाक्य रचण्याची रीत तीच. या मॉडेलांच्या मुळाशी असलेली ‘ट्रान्सफॉर्मर’ ही रचना गूगलमध्ये काम करणाऱ्या आठ जणांनी २०१७ साली मांडली. त्यांतल्या निकी परमार यांनी अभियांत्रिकीचं शिक्षण पुण्यात घेतलं. हे ऐकलं की मुलं सावरून बसतात. आपल्यासारख्याच माणसांनी घडवलेली ही वस्तू तपासताही येते, हे त्यांना पटतं.

२. कागद डोळ्यांनी पाहिल्याशिवाय तळटीप लिहू देऊ नये.
इतिहासात सगळा भरवसा साधनांवर. वि. का. राजवाड्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ साली काढला, तेव्हापासून आपल्याकडे ही शिस्त रुजली. एका निबंधात पानिपतच्या मोहिमेबद्दलचं एक पत्र खंड आणि पृष्ठासह नोंदवलं होतं. खंड उघडला, तर त्या पानावर भलताच मजकूर. एआयने पत्र रचलं होतं, तेही अगदी पटेल अशा भाषेत. न्यूयॉर्कच्या न्यायालयात २०२३ साली हेच घडलं. वकिलांनी चॅटजीपीटीने दिलेले, अस्तित्वातच नसलेले निवाडे सादर केले आणि न्यायाधीशांनी ५,००० डॉलरचा दंड ठोठावला.
आता मी याचाच स्वाध्याय करते. एआयकडून एखाद्या विषयाची पाच साधनं मागवायची आणि ग्रंथालयात जाऊन एकेक पडताळायचं. काही सापडतात, काही सापडत नाहीत. पण शोधताना विद्यार्थी शेजारची दहा पत्रं वाचतो आणि त्यातूनच कधी कधी त्याला प्रबंधाचा विषय मिळतो.

३. ‘एआय ओळखणाऱ्या’ सॉफ्टवेअरच्या आकड्यावर कुणाला दोषी ठरवू नये.
ओपनएआयने स्वतःचंच असं साधन जानेवारी २०२३ मध्ये आणलं आणि अचूकता कमी म्हणून जुलैत मागे घेतलं. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या संशोधकांनी अशी सात साधनं तपासली. इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी टोफेल परीक्षेसाठी स्वतः लिहिलेले निबंध या साधनांनी सरासरी ६१ टक्के वेळा यंत्राचे ठरवले. साधी वाक्यं आणि मोजका शब्दसंग्रह त्यांना संशयास्पद वाटला. आमच्या वर्गातली कितीतरी मुलं इंग्रजी नेमकं तसंच लिहितात. त्यांच्यावर असा आरोप ठेवणं हा अन्याय आहे.
आणखी एक घोळ इथे होतो. यूजीसीच्या २०१८ च्या नियमावलीतली दहा टक्के साम्याची मर्यादा दुसऱ्याच्या मजकुराशी जुळणाऱ्या भागासाठी आहे. एआयने नव्याने रचलेला मजकूर सहसा कशाशी जुळत नाही, त्यामुळे साम्याचा अहवाल निर्मळ आला तरी लेखन स्वतःचं आहे असं सिद्ध होत नाही.

४. नियम लेखी द्यावेत आणि सत्राच्या सुरुवातीलाच द्यावेत.
माझे नियम थोडके आहेत. कोणतं साधन कशासाठी वापरलं, हे प्रकल्पाच्या शेवटी लिहायचं. भाषा सुधारायला मदत चालेल. निष्कर्ष स्वतःचाच हवा. लेखक म्हणून एआयचं नाव लावायचं नाही. ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकाने जानेवारी २०२३ मध्येच याचं कारण सांगितलं: लेखकपणाबरोबर जबाबदारी येते आणि ती यंत्र घेऊ शकत नाही. गावोगाव घेतलेल्या मुलाखती नावानिशी अशा साधनात टाकायच्या नाहीत. सांगणाऱ्याने आपल्यावर विश्वास टाकलेला असतो. परीक्षक म्हणून आलेला अप्रकाशित प्रबंधही मी त्यात घालत नाही.

५. उत्तर देणाऱ्या यंत्रापेक्षा इशारा देणारं यंत्र बरं.
तुर्कस्तानात सुमारे हजार शालेय विद्यार्थ्यांवर गणिताचा एक प्रयोग झाला. थेट उत्तरं देणारा एआय हाताशी होता तेव्हा सरावातले गुण ४८ टक्क्यांनी वाढले. तो काढून घेतल्यावर तीच मुलं परीक्षेत, एआय कधीच न वापरलेल्या मुलांपेक्षा १७ टक्क्यांनी मागे पडली. शिक्षकांच्या मदतीने तयार केलेलं, फक्त इशारे देणारं साधन ज्यांना मिळालं, त्यांचं असं नुकसान जवळपास झालंच नाही. म्हणून मी मुलांना सांगते, आधी स्वतः उत्तर लिहा, मग यंत्राला म्हणा, ‘यातल्या त्रुटी दाखव, उत्तर सांगू नकोस.’

६. मराठीत मदत मोठी आहे, म्हणून सावधपणाही मोठा हवा.
मराठी माध्यमातून आलेल्या मुलीला इंग्रजी शोधनिबंधातला अवघड परिच्छेद मराठीत समजावून मिळतो, तेव्हा तिच्यासाठी बंद असलेलं दार उघडतं. ही मदत तिच्याकडून काढून घ्यायचा मला अधिकार नाही. पण मॉडेलांना मिळालेला मराठी मजकूर इंग्रजीच्या मानाने फार थोडा आहे. त्यामुळे वाक्यं इंग्रजी वळणाची येतात, परिभाषा डळमळते आणि स्थानिक इतिहासात चुका वाढतात. जो मजकूर मराठीत छापलेलाच नाही, तो यंत्राने शिकायचा कुठून? मोडीतली कागदपत्रं तर दफ्तरांमध्ये गठ्ठ्यांनी पडून आहेत. मोडीचं देवनागरीत लिप्यंतर करणारी मॉडेलं आता तयार होत आहेत, याचा मला मनापासून आनंद आहे. पण त्यांचं वाचन बरोबर की चूक, हे सांगायला मोडी जाणणारा माणूसच लागेल. म्हणून मोडीचे वर्ग आज अधिक गरजेचे आहेत.

७. गुण वाटचालीला द्यावेत.
छापील प्रकल्पावरून आता विद्यार्थ्याची समज कळत नाही. म्हणून मी टिपणवही, पहिला कच्चा खर्डा आणि शेवटची तोंडी परीक्षा या तिन्हींना गुण देते. तोंडी परीक्षेत एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारते: ‘कशावरून?’ ज्याने साधनं वाचली आहेत, तो अडखळत का होईना, पण कागदाचं नाव घेतो, शंका सांगतो, कधी माझंच म्हणणं खोडून काढतो. ज्याने वाचलेली नाहीत, त्याला पुढे बोलता येत नाही.

८. हे सगळं करायला शिक्षक लागतो.
टिपणवह्या वाचायला, एकेकाशी बोलायला वेळ लागतो. महाराष्ट्रातल्या महाविद्यालयांत प्राध्यापकांच्या जागा रिकाम्या आहेत आणि तासिका तत्त्वावरचे शिक्षक तुटपुंज्या मानधनावर वर्ग ओढत आहेत. शंभर मुलांच्या वर्गात एकट्या शिक्षकाने प्रत्येकाची तोंडी परीक्षा घ्यावी, ही अपेक्षा फोल आहे. विद्यापीठांनी एआयवर धोरणं जरूर लिहावीत, प्रशिक्षणंही घ्यावीत. पण त्याआधी शासनाने रिकाम्या जागा भराव्यात आणि तासिकेवरच्या शिक्षकाला जगता येईल इतकं वेतन द्यावं. विद्यार्थी स्वतः विचार करतो आहे की नाही, हे त्याला ओळखणारा शिक्षकच सांगू शकतो.