मताची पूर्वतयारी : निवडणुकीपूर्वी मंडळ्यांनी शिकावयाचा पाठ

निवडणूक जाहीर झाली म्हणजे गावोगाव भोंगे वाजू लागतात, चावडीपुढे गाड्या उभ्या राहतात, आणि एरवी जो कोणाच्या खिजगणतीत नसतो त्याच्याही दारी मोठमोठी माणसे हात जोडून येतात. ह्या गडबडीत मतदाराने स्वतः काय करावयाचे हे सांगणारे मात्र थोडेच. म्हणून अमरावती व अकोला ह्या जिल्ह्यांतील खेड्यापाड्यांच्या मंडळ्यांसाठी, आणि विशेषेकरून तेथील उपदेशक बंधूंसाठी व बायबलबाईंसाठी, हा पाठ आम्ही देत आहो. मत कोणास द्यावे हे आम्ही येथे सांगणार नाही. ज्याचे मत त्याच्याच हाती राहावे म्हणून आधी काय केले पाहिजे, एवढेच सांगावयाचे आहे.

पहिला धडा : हा हक्क कोठून आला

इंग्रजी अमदानीत वऱ्हाड मध्यप्रांतास जोडलेला होता. त्या काळी मताचा हक्क जमीन, कर व शिक्षण ह्यांवर अवलंबून असे. १९३७ साली कायदेमंडळाची निवडणूक झाली तेव्हाही सालदार, मजूर व त्यांच्या बायका बहुतेक बाहेरच राहिल्या. २६ जानेवारी १९५० रोजी राज्यघटना अमलात आली, आणि २१ वर्षे पुरी झालेल्या प्रत्येक स्त्रीपुरुषास सारखेच एक मत मिळाले. १९८९ पासून वयाची ही अट १८ वर्षांवर आली आहे.

पहिली सार्वत्रिक निवडणूक ऑक्टोबर १९५१ पासून फेब्रुवारी १९५२ पर्यंत चालली. वऱ्हाड त्या वेळी मध्यप्रदेश राज्यात मोडत असे. त्या निवडणुकीत अमरावतीकडून डॉ. पंजाबराव देशमुख लोकसभेवर गेले व पुढे देशाचे कृषिमंत्री झाले. त्यांना निवडणाऱ्यांत जमीनदाराचे मत व त्याच्या सालदाराचे मत एकाच मापाने मोजले गेले, ही गोष्ट लहान नव्हे.

आणखी एक गोष्ट आमच्या लोकांनी ध्यानात ठेवावी. धर्मावरून राखीव जागा ठेवू नयेत असे घटना समितीत १९४९ च्या मे महिन्यात ठरले. त्या समितीचे उपाध्यक्ष डॉ. हरेंद्रकुमार मुखर्जी हे स्वतः बंगाली ख्रिस्ती होते, आणि त्यांनी ह्या निर्णयाचा पुरस्कार केला. तात्पर्य, आमचे मत निराळे मोजले जात नाही. ते शेजाऱ्यांच्या मतांत मिसळते. म्हणून मत देताना मंडळीपुरते पाहून भागत नाही. गावची विहीर, शाळा, रस्ता व दवाखाना सर्वांचेच आहेत.

दुसरा धडा : यादीत आपले नाव

त्या पहिल्या निवडणुकीची याद्या करणारी माणसे घरोघर गेली, तेव्हा पुष्कळ स्त्रियांनी आपले नाव सांगितलेच नाही. अमक्याची बायको, तमक्याची आई, एवढेच त्या सांगत. अशा सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे यादीतून काढावी लागली, आणि त्यांचे मत गेले. हे मुख्यत्वे उत्तरेकडे घडले. पण त्यातला धडा आम्हांसही लागू आहे. ज्याचे नाव यादीत नाही त्याचे मत नाही, मग तो गावात साठ वर्षे राहिलेला असो.

कित्येकांस वाटते की, ओळखपत्र खिशात आहे म्हणजे काम झाले. तसे नव्हे. यादीत नाव नसेल तर नुसत्या ओळखपत्रावर मत देता येत नाही. नावे गळतात हेही खरे. बिहारात १ ऑगस्ट २०२५ रोजी नवी प्रारूप यादी निघाली, तेव्हा आधीच्या यादीतील सुमारे ६५ लाख नावे तीत नव्हती. कोणी मयत, कोणी स्थलांतरित, कोणाचे नाव दोनदा, अशी कारणे सांगण्यात आली. पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून ती नावे कारणांसह प्रसिद्ध करावी लागली. ज्यांनी यादी पाहिली त्यांना आपले नाव गेल्याचे कळले व दाद मागता आली. ज्यांनी पाहिली नाही त्यांना मतदानाच्या दिवशीच कळावयाचे.

आमच्या मंडळ्यांत नावाची अडचण तीन ठिकाणी येते. बाप्तिस्म्याच्या वेळी घेतलेले नाव एक, आणि शाळेच्या दाखल्यावरचे वा शिधापत्रिकेवरचे नाव दुसरे, हे पहिले ठिकाण. लग्न होऊन आलेल्या सुनेचे नाव माहेरच्या गावी राहते, हे दुसरे. मेळघाटातील धारणी व चिखलदरा भागांतून जी कुटुंबे कामासाठी खाली सपाटीवर येतात, त्यांचे नाव मूळ गावी असते आणि मतदानाच्या दिवशी ती असतात दुसरीकडे, हे तिसरे.

उपाय कठीण नाही. नवे नाव घालण्यास नमुना ६ भरावा. नावातील चूक दुरुस्त करण्यास किंवा पत्ता बदलण्यास नमुना ८ भरावा. प्रत्येक मतदान केंद्रासाठी एक केंद्रस्तरीय अधिकारी नेमलेला असतो. बहुधा तो शिक्षक, अंगणवाडीची बाई किंवा गावातलाच सरकारी नोकर असतो. त्याजकडे किंवा तहसील कचेरीत हे अर्ज मिळतात. १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै व १ ऑक्टोबर ह्यांपैकी ज्या तारखेस १८ वर्षे पुरी होतात, त्या तारखेच्या हिशेबाने तरुणांस नाव घालता येते. मात्र उमेदवारी अर्ज भरण्याची शेवटची तारीख टळली की, त्या निवडणुकीपुरते यादीत नवे नाव येत नाही. दोन गावी नाव ठेवणे हा कायद्याचा भंग आहे. सुनेचे नाव सासरी घालावे व माहेरचे काढून घ्यावे.

आपला मतदारसंघ कोणता हेही आधी पाहून ठेवावे. जिल्हा व मतदारसंघ ह्यांच्या सीमा एक नसतात. मोर्शी व धामणगाव रेल्वे हे विधानसभेचे भाग अमरावती जिल्ह्यातले, पण लोकसभेसाठी ते वर्ध्यात मोडतात. वाशिम जिल्ह्यातील रिसोडचे लोक अकोल्याच्या खासदारासाठी मत देतात. अमरावतीची लोकसभेची जागा अनुसूचित जातींसाठी राखीव आहे, म्हणून इतरांस तेथे मत नाही असा कोणाचा समज असेल तर तो चुकीचा आहे. राखीव असते ती उभे राहण्याची जागा. मत मात्र त्या मतदारसंघातील प्रत्येक मतदाराने द्यावयाचे आहे.

तिसरा धडा : मतदानाचा दिवस

२०२४ साली अमरावती व अकोला येथे लोकसभेचे मतदान २६ एप्रिल रोजी झाले, आणि विधानसभेचे २० नोव्हेंबर रोजी. एक दिवस वऱ्हाडच्या उन्हातला, दुसरा कापूस वेचणीच्या दिवसांतला. म्हणून उन्हाळ्यात सकाळीच निघावे, आणि हंगामात मालकास आधी सांगून ठेवावे. दुकान, जिनिंग, कारखाना किंवा अन्य धंद्यात काम करणाऱ्या मतदारास त्या दिवशी पगारी सुट्टी देणे कायद्याने बंधनकारक आहे, व रोजंदारीचा मजूरही तीत येतो. ठरलेल्या वेळेच्या आत जो रांगेत उभा राहिला त्यास वेळ संपल्यावरही मत देता येते.

मतदार ओळखपत्र बरोबर न्यावे. ते नसेल तर आधार, रोजगार हमीचे जॉबकार्ड, छायाचित्र असलेले बँकेचे वा पोस्टाचे पासबुक, अशांपैकी एखादे चालते. घरी वाटली जाणारी मतदार चिठ्ठी केवळ माहितीसाठी असते, ओळख म्हणून ती चालत नाही.

केंद्रात आधी नाव पाहतात. मग डाव्या हाताच्या तर्जनीस शाई लावतात व सही किंवा अंगठा घेतात. नंतर आडोशात जावे. यंत्रावर उमेदवाराचे नाव, छायाचित्र व चिन्ह असते, आणि त्यासमोर निळे बटण असते. ते दाबले की तांबडा दिवा लागतो, शेजारच्या यंत्राच्या काचेतून त्याच चिन्हाची चिठ्ठी सात सेकंद दिसते, व मोठा आवाज होतो. चिठ्ठी दिसली नाही तर तेथल्या तेथे केंद्राध्यक्षास सांगावे. सर्वांत शेवटचे बटण ‘वरीलपैकी कोणीही नाही’ असे असते. ते २०१३ पासून आले आहे.

तुमच्या आधी तुमच्या नावावर कोणी मत देऊन गेला असे आढळले, तर रडत घरी येऊ नये. आपली ओळख पटवून द्यावी, म्हणजे केंद्राध्यक्ष कागदी मतपत्रिका देतो. ह्यास प्रदत्त मत म्हणतात. अंध किंवा अपंग मतदारास सोबती नेता येतो. पण सोबती १८ वर्षांवरील असावा, आणि एका दिवशी त्याने एकाच मतदाराचा सोबती व्हावे. केवळ वाचता येत नाही एवढ्यावरून सोबती मिळत नाही. म्हणून निरक्षर भावाबहिणींस यंत्राची रीत आधीच समजावून द्यावी. २०२४ च्या निवडणुकीत ८५ वर्षांवरील वृद्धांस व ४० टक्के किंवा अधिक अपंगत्व असलेल्यांस घरून मत देण्याची सोय होती. त्यासाठी अर्ज लवकर करावा लागतो.

चौथा धडा : मत कोणाच्या मालकीचे

मत कोणाला दिले हे पाटलास किंवा सावकारास कळते काय, असे भिऊन विचारणारे पुष्कळ आहेत. खरे उत्तर असे आहे : एका केंद्रावर कोणास किती मते पडली ही बेरीज कळते, पण कोणत्या मनुष्याने कोणते बटण दाबले हे कळण्यास मार्ग नाही. न्यायालयातसुद्धा ‘तू कोणास मत दिलेस’ हे सांगण्याची सक्ती कोणावर करता येत नाही. म्हणून ‘आम्हांस सर्व कळते’ असा दम कोणी दिला तर तो पोकळ समजावा.

पैसा, दारू, साडी किंवा भांडी घेऊन मत देणे हा गुन्हा आहे, आणि देणारा व घेणारा दोघेही त्यात सापडतात. उमेदवाराने मतदारांस नेण्यासाठी भाड्याने केलेल्या गाडीत बसू नये. तेही कायद्याविरुद्ध आहे. मंडळीच्या लोकांनी मिळून पायी जावे किंवा आपापल्या साधनाने जावे.

आता उपदेशक बंधूंस दोन शब्द. आमच्या लोकांचा तुम्हांवर विश्वास आहे, आणि म्हणूनच उमेदवारांची माणसे प्रथम तुमच्याकडे येतात. ‘तुमच्या मंडळीची इतकी घरे आमच्याकडे वळवा’ असे ती म्हणतात. हे करू नये. प्रार्थनास्थळ प्रचारासाठी वापरण्यास निवडणुकीच्या आचारसंहितेची मनाई आहे. उमेदवाराच्या किंवा मतदाराच्या धर्माच्या, जातीच्या वा भाषेच्या नावाने मत मागणे हा भ्रष्टाचार होय, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २ जानेवारी २०१७ रोजी दिला. अमक्यास मत दिले नाही तर देवाचा कोप होईल किंवा मंडळीबाहेर काढू, असे सांगणे हाही कायद्याने गुन्हा आहे. बायबलावर हात ठेववून घेतलेली शपथ असो की बेलभंडारा उचलावयास लावून घेतलेली असो, गोष्ट एकच. जो पूर्वी दुसऱ्याच्या धाकाखाली होता त्यास सोडवून आपल्या धाकाखाली आणणे ही सेवा नव्हे. मत कसे द्यावे हे शिकवा. कोणास, हे ज्याच्या त्याच्या विवेकावर सोडा.

त्या विवेकास साहाय्य मात्र करता येते. निर्गम पुस्तकाच्या १८ व्या अध्यायात इथ्रो मोशेला अधिकारी निवडण्याविषयी सल्ला देतो, आणि लाचेचा तिटकारा हा गुण त्यात मुद्दाम सांगतो. आजच्या उमेदवारास आपल्यावरील फौजदारी खटले, मालमत्ता, कर्ज व शिक्षण प्रतिज्ञापत्रावर लिहून द्यावे लागते, आणि ते कोणासही पाहता येते. गावातील शिकलेल्या मुलाने सर्वच उमेदवारांची प्रतिज्ञापत्रे मोठ्याने वाचून दाखवावी. एकाचेच वाचू नये.

मंडळीत करावयाचे काम

पहिल्या आठवड्यात प्रत्येक घरी जाऊन १८ वर्षांवरील सर्वांची, स्त्रियांची विशेषतः, स्वतःच्या पूर्ण नावाने यादी करावी. दुसऱ्या आठवड्यात ती सरकारी यादीशी ताडून पाहावी व नमुने भरून द्यावे. तिसऱ्या आठवड्यात ओळखीचे कागद तपासावे, आणि वृद्ध व अपंग कोण आहेत ते टिपावे. चौथ्या आठवड्यात यंत्राची रीत समजावावी. अडचण पडल्यास १९५० ह्या क्रमांकावर विचारता येते.

शेवटी पुढील प्रश्न विचारून पाहावे. यादीत माझे नाव कोणत्या अक्षरांनी लिहिले आहे? माझे केंद्र कोठे आहे? माझ्या घरातील बाईस तिचे मत तिनेच ठरवू दिले काय? ह्या तिहींचे उत्तर ज्या घरी नीट मिळेल, त्या घरची तयारी पुरी झाली असे समजावे.