पंचांचा निर्णय चुकीचा वाटला तर? – शालेय सॉफ्टबॉल मार्गदर्शकांसाठी

शालेय स्पर्धांचा हंगाम सुरू झाला की सॉफ्टबॉलच्या मैदानावर एक वाक्य हमखास कानावर येतं, "सर, अंपायरने वाट लावली!" कधी खेळाडू म्हणतात, कधी जाळीमागचे पालक, आणि खरं सांगायचं तर बऱ्याच वेळा आपणच. पिचिंग कसं शिकवायचं, स्लाइड कशी मारायची यावर आपण भरपूर बोलतो. पण निर्णय शंकास्पद वाटला तर पुढच्या अर्ध्या मिनिटात मार्गदर्शकाने काय करायचं, हे क्वचितच कुणी शिकवतं. आज तेवढ्याच विषयावर लिहायचं आहे.

आधी हे बघू की तालुका-जिल्हा पातळीवर हा अंपायर असतो कोण. बहुतेक वेळा दुसऱ्या शाळेतला क्रीडाशिक्षक, नाहीतर कालपरवापर्यंत स्वतः खेळणारा कॉलेजचा मुलगा किंवा मुलगी. सकाळपासून उन्हात चार-चार सामने, डोक्यावर मास्क, अंगावर चेस्ट गार्ड. दोन पंच मिळाले तर नशीब. कित्येक ठिकाणी एकच जण प्लेटमागे उभा राहून चारही बेस सांभाळतो. बेसमधलं अंतर 60 फूट. पहिल्या बेसवर रनरचा पाय आणि दुसऱ्या बेसवर टॅग एकाच वेळी बघणं एका माणसाला शक्यच नसतं. त्याची चूक होऊ शकत नाही असं मला म्हणायचं नाही. होतेच. पण ती चूक बेइमानीतून आली की जागेवरून दिसलं नाही म्हणून आली, हे ठरवल्याशिवाय आपण तोंड उघडू नये.

आपली स्वतःची जागाही तपासा. आपण बसतो डगआउटमध्ये, म्हणजे मैदानाच्या बाजूला. तिथून चेंडू किती उंचीवर गेला हे थोडंफार कळतं. तो प्लेटवरून गेला की चार इंच बाहेरून, हे अजिबात कळत नाही. होम प्लेटची रुंदी 17 इंच. महिलांच्या सामन्यात पिचर 43 फुटांवरून टाकते. ताशी सत्तर किलोमीटर वेगाचा चेंडू तेवढं अंतर साधारण दोन तृतीयांश सेकंदात कापतो. कॅचरच्या खांद्यावरून बघणाऱ्याला ते ठरवणं अवघड जातं, मग बाजूने बघणाऱ्या आपल्याला ते "स्पष्ट दिसलं" कसं? बाहेरच्या चेंडूवरून डगआउटमधून ओरडणं म्हणजे न बघितलेल्या गोष्टीची साक्ष देणं.

निर्णय दोन जातींचे असतात

हा फरक पक्का झाला की निम्मे वाद सुरूच होत नाहीत. पहिली जात म्हणजे नजरेचे निर्णय: बॉल की स्ट्राइक, सेफ की आउट, फेअर की फाउल. इथे पंचाने काय पाहिलं हाच निकाल. यावर लेखी निषेध चालत नाही, कितीही मोठ्या स्पर्धेत. 1996च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये सॉफ्टबॉल पहिल्यांदा खेळला गेला. अंतिम सामन्यात अमेरिकेच्या डॉट रिचर्डसनचा होमरन उजव्या फाउल लाइनच्या अगदी जवळून गेला. चीनचं म्हणणं, चेंडू फाउल होता. खेळ थांबला, बराच वेळ हुज्जत झाली, पण निर्णय बदलला नाही आणि अमेरिकेने तो सामना 3-1 असा जिंकला. सुवर्णपदकाच्या सामन्यात जे चाललं नाही, ते आपल्या तालुक्याच्या मैदानावर चालेल ही आशा सोडा.

दुसरी जात म्हणजे नियम लावण्याची चूक. इथे मात्र मार्गदर्शकाला बोलायचा हक्क आहे, आणि माझ्या मते ते त्याचं कर्तव्यच आहे. नेहमीचं उदाहरण घ्या. तिसरा स्ट्राइक कॅचरच्या हातून निसटला, पहिला बेस रिकामा आहे, बॅटर धावत सुटली आणि पंचाने सवयीने "आउट" म्हणून तिला परत पाठवलं. पहिला बेस रिकामा असेल किंवा दोन आउट झालेले असतील तर तिला धावण्याचा हक्क आहे. हा नजरेचा प्रश्न नाही, पुस्तकातला प्रश्न आहे. इनफिल्ड फ्लायचंही तसंच. दोनपेक्षा कमी आउट आणि पहिल्या-दुसऱ्या बेसवर रनर (किंवा तिन्ही बेस भरलेले) असल्याशिवाय तो नियम लागतच नाही. फक्त पहिल्या बेसवर रनर असताना कुणी "इनफिल्ड फ्लाय, बॅटर आउट" म्हटलं तर शांतपणे उठा.

पण वेळेत उठा. नियमाच्या चुकीबद्दलची हरकत पुढचा चेंडू टाकला जाण्याआधी घ्यावी लागते. एकदा पिचरने पुढचा चेंडू टाकला की तुमचं म्हणणं शंभर टक्के बरोबर असलं तरी गाडी सुटलेली असते. इनिंग संपल्यावर, डबा खाताना आठवलेली हरकत काही कामाची नाही.

आणि एक तिसरा प्रकार आहे, ज्यात पंच चुकलेलाच नसतो आणि तरी आपण त्याला शिव्या देतो. रनरने बेसला पाय न लावता पुढचा बेस गाठला, किंवा फ्लाय झेलला जाण्याआधीच बेस सोडला. आपल्याला दिसलं, पंचाला नक्की दिसलं असणार, तरी तो गप्प! मग आपण म्हणतो, "बघा, फितूर आहे." अहो, तो गप्प असतो कारण त्याने गप्प राहायचं असतं. हे अपील प्ले आहेत. बचाव करणाऱ्या संघाने पुढच्या चेंडूआधी अपील केलं तरच तो निर्णय देतो. बॅटिंगचा क्रम चुकला तरी तसंच. याचं सर्वांत प्रसिद्ध उदाहरणही त्याच 1996च्या स्पर्धेतलं. ऑस्ट्रेलियाविरुद्ध अमेरिकेच्या डॅनी टायलरने चेंडू कुंपणाबाहेर मारला, चारही बेस फिरून आली, मैत्रिणी टाळ्या द्यायला प्लेटपाशी जमल्या आणि त्या गर्दीत तिचा पाय होम प्लेटला लागलाच नाही. ऑस्ट्रेलियाने अपील केलं, पंचाने तिला आउट दिलं, धाव गेली. सामना जादा इनिंगमध्ये गेला आणि दहाव्या इनिंगमध्ये अमेरिका 2-1 अशी हरली. ही गोष्ट मुलांना जरूर सांगा. पंचाने आपणहून सांगायची गोष्ट कोणती आणि आपण मागायची कोणती, हे त्यांना त्यातून झटकन समजतं.

बोलायचं कसं

वेळ मागा. पंचाने "टाइम" दिल्यावरच मैदानात पाऊल टाका. चालत जा, धावत नाही. एकटेच जा; मागे सहायक, कर्णधार आणि बॅट घेतलेली पुढची बॅटर अशी वरात नको. निर्णय ज्याने दिला त्याच पंचाशी बोला. बेसवरच्या पंचाचा निर्णय असेल तर प्लेटच्या पंचाकडे तक्रार नेणं म्हणजे वर्गशिक्षकाला टाळून मुख्याध्यापकांकडे जाण्यासारखं आहे, दोघांनाही आवडत नाही.

सुरुवात प्रश्नाने करा. "सर, तुम्ही काय पाहिलंत?" हा प्रश्न "सर, ती सेफ होती!" यापेक्षा कितीतरी उपयोगी आहे. उत्तरात पंच म्हणाला, "टॅग बेसवर पाय पडायच्या आधी झाला," तर तो नजरेचा निर्णय, मान हलवा आणि परत या. पण तो म्हणाला, "चेंडू हातात नसला तरी फील्डर बेससमोर उभी राहू शकते," तर तो नियम चुकीचा सांगतोय. मग म्हणा, "सर, चेंडू नसताना वाट अडवली तर ऑब्स्ट्रक्शन होतं ना? एकदा दुसऱ्या सरांना विचारता का?" दुसऱ्या पंचाला विचारण्याची विनंती करण्यात कमीपणा नाही, ना तुमचा ना त्यांचा. कॅचरच्या आड टॅग झाला, बॅटरने स्विंग अर्ध्यावर थांबवला, अशा वेळी बाजूच्या पंचाला खरंच जास्त चांगलं दिसलेलं असतं. मात्र विचारायचं की नाही हे निर्णय देणाऱ्या पंचाने ठरवायचं. नाही म्हणाला तर विषय संपला.

आवाज खाली ठेवा. पाठ प्रेक्षकांकडे न करता उभे राहा, म्हणजे हातवारे कमी होतात (करून पाहा). आणि टोमणे नकोत. "सर, चष्मा आणू का?" हे डगआउटमधून एकदा आपण म्हटलं की पुढच्या इनिंगला तेच वाक्य चौदा वर्षांची मुलगी म्हणते. मग तिला ताकीद मिळते, आणि तिला रागवायचं तोंड आपल्याला उरत नाही.

बॉल-स्ट्राइकचं काय, असं अनेक जण विचारतील. त्यावर वाद घालूच नका, अभ्यास करा. प्रत्येक पंचाचा झोन थोडा वेगळा असतो. एखादा गुडघ्याजवळचा चेंडू स्ट्राइक देतो, दुसरा देत नाही. पहिल्या दोन इनिंगमध्ये एका राखीव खेळाडूला वही देऊन बसवा: कुठला चेंडू, काय निर्णय, कुठल्या संघासाठी. तिसऱ्या इनिंगला बॅटर्सना सांगता येतं, "अगं, आज खालचा चेंडू स्ट्राइक आहे, सोडू नका," आणि पिचरला सांगता येतं, "तिथेच टाकत राहा." दोन्ही संघांना सारखाच खालचा झोन मिळत असेल तर तो अन्याय नाही, ते आजचं हवामान आहे.

आणि वहीत उलटं दिसलं तर? म्हणजे तोच चेंडू त्यांना बॉल, आम्हाला स्ट्राइक, आणि पंच यजमान शाळेचाच शिक्षक? होतं असं, झाकून ठेवण्यात अर्थ नाही. अशा वेळी मैदानावर आरोप करू नका, कारण तिथे तो सिद्ध होत नाही आणि शिक्षा तुमच्या संघाला होते. सामन्यानंतर स्कोअरशीट आणि वहीतली नोंद जोडून स्पर्धाप्रमुखांकडे आणि जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात लेखी द्या. इनिंग, प्रसंग, निर्णय एवढंच लिहा. "पक्षपाती", "विकलेला" हे शब्द वगळा. निकाल बदलणार नाही. पण पुढच्या वर्षी यजमान शाळेचा शिक्षक स्वतःच्या शाळेच्या सामन्याला पंच नको, ही मागणी लावून धरायला कागद लागतो. खरं तर ही मागणी स्पर्धेआधीच्या बैठकीतच करायला हवी, तेव्हा कुणाचा अपमान होत नाही.

एका बाबतीत मात्र गप्प बसायचं नाही: सुरक्षितता. बॅटरच्या किंवा रनरच्या डोक्यावर हेल्मेट नाही, कॅचर मास्कशिवाय बसली आहे, बॅटची पकड सुटलेली आहे, वीज कडाडतेय आणि पंच "चालू द्या" म्हणतोय, तर खेळाडू बाहेर काढा. सामना गेला तरी चालेल. इथे पंचाचा मान राखण्याचा प्रश्नच येत नाही.

बसमध्ये परतताना

सगळ्यात अवघड भाग हा. समजा, बारावीतली मुलगी आहे. जिल्ह्याचा अंतिम सामना, शेवटची इनिंग, एक धाव मागे. ती होमला स्लाइड मारते, धुळीत तिचा पाय आधी लागलेला सगळ्यांना दिसतो, आणि पंच हात वर करतो: आउट. संघ विभागाला जात नाही. तिच्यासाठी पुढचं वर्ष नाही. "खेळात हार-जीत चालायचीच" हे वाक्य तिच्यासमोर उच्चारू नका. ते तिच्यासाठी खोटं आहे.

"मला पण तू सेफ वाटलीस" एवढं म्हणायला हरकत नाही. ते खरं आहे, आणि खरं बोलल्याने पंचाचा अपमान होत नाही. पण "त्याने आपल्याला हरवलं" हे म्हणू नका. मग ज्या मुलीने दुसऱ्या इनिंगमध्ये थ्रो चुकवला, जिने चार वॉक दिले, त्या सगळ्या सुटतात आणि पुढच्या सरावाला कुणालाच काही सुधारायचं उरत नाही. त्या दिवशी स्कोअरशीट उघडू नका. दोन दिवसांनी उघडा, आणि तिला बोलावून पंचाच्या नव्हे, तिच्या खेळाबद्दल बोला. तो स्लाइड उत्तम होता हे तिला कुणीतरी सांगायलाच हवं.

बेसबॉलमधली एक घटना मुलांना सांगण्यासारखी आहे. 2 जून 2010 रोजी डेट्रॉईटचा पिचर आर्मांडो गलारागा परफेक्ट गेमपासून एक आउट दूर होता. सलग 26 बॅटर आउट झाले होते. सत्ताविसावा पहिल्या बेसवर स्पष्ट आउट असताना पंच जिम जॉयसने सेफ दिला. गलारागा फक्त हसला आणि पुढच्या बॅटरला आउट करून सामना संपवला. जॉयसने नंतर चित्रफीत पाहिली आणि आपण चुकलो हे सरळ कबूल केलं. दुसऱ्या दिवशी जॉयस प्लेटमागे उभा असताना संघाची यादी त्याच्या हातात द्यायला गलाराग्यालाच पाठवण्यात आलं. जॉयसच्या डोळ्यांत पाणी आलं. निर्णय मात्र कधीच बदलला गेला नाही. मुलं विचारतात, "मग त्याला काय मिळालं?" घाईने उत्तर देऊ नका, त्यांनाच बोलू द्या.

शेवटी सरावात करायची एक गोष्ट. आठवड्यातून एकदा दोन खेळाडूंना पंच करा, एक प्लेटमागे, एक बेसवर. सामन्यात आपण मध्ये बोलायचं नाही, त्यांचा निर्णय चुकला तरी नाही. संघातल्या सगळ्यांत जास्त कुरकुर करणाऱ्या मुलीला पहिल्यांदा मास्क द्या. चार चेंडूंनंतर ती वळून बघते, "सर, हा काय होता?" तेव्हा खांदे उडवायचे आणि म्हणायचं, "मी इकडे बाजूला उभा आहे, मला कसं दिसणार?"