विमानतळ ते येडशी: बॅग किती वेळा उचलायची?

परदेशातून गावाकडं यायचं ठरलं की तुमचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. काका, मुंबईला उतरल्यावर पुढं विमान घेऊ का रेल्वे? तुम्ही किलोमीटर मोजता, तास मोजता, मग मोबाईलवर भाडं बघता. मी एवढंच विचारतो की मुंबईच्या पट्ट्यावरून घेतलेली बॅग येडशीच्या ओट्यावर येईपर्यंत किती वेळा उचलावी लागणार? चौदा-पंधरा तास विमानात बसून आलेल्या माणसाला प्रवास खात नाही, चढउतार खाते.

हे शहाणपण या लाईनीवर जुनंच आहे. बार्शी लाईट रेल्वे होती तेव्हा कुर्डुवाडीला सगळं बिऱ्हाड खाली उतरायचं. आपली गाडी अडीच फुटी रुळांची, मुंबईची मोठ्या रुळांची, एकीचा डबा दुसरीवर जाणार कसा? 1897 ला कुर्डुवाडी-बार्शी सुरू झाली, 1911 ला लातूरपर्यंत गेली. तेव्हापासून रूळ रुंद होईस्तोवर, म्हणजे 2008 पर्यंत, ट्रंका, वळकट्या, तेलाचे डबे, सगळं एका फलाटावरून दुसऱ्या फलाटावर वाहायचं. घरातली म्हातारी माणसं म्हणायची, कुर्डुवाडी निभली की मुंबई आली. आता डबा बदलत नाही, मुंबईत बसलात की थेट धाराशिव. तरी तुम्ही पोरं स्वतःहून तीन-तीन कुर्डुवाड्या अंगावर घेता, त्याचं नवल वाटतं.

विमानाचंच बघा. धाराशिवची धावपट्टी नुसती धावपट्टी आहे, लातूरलाही ठरलेलं प्रवासी विमान नाही. राहिलं सोलापूर. तिथून 2025 च्या जूनमध्ये गोव्याचं आणि ऑक्टोबरमध्ये मुंबईचं विमान सुरू झालं. ऐकायला झकास: मुंबई-सोलापूर तासाभरात! आता मोजा. मुंबईत पट्ट्यावरून बॅग घेतली, कस्टममधून बाहेर काढली, सोलापूरच्या विमानाच्या काउंटरवर पुन्हा ठेवली, सोलापूरच्या पट्ट्यावरून पुन्हा घेतली, गाडीच्या डिकीत घातली, तुळजापूर-धाराशिव करत ऐंशी-नव्वद किलोमीटर आलात आणि अंगणात उतरवली. शिवाय ते विमान तुमच्या विमानाच्या वेळेला जुळेल याची खात्री नाही. युरोप-आखातातली बरीच विमानं मुंबईत मध्यरात्रीनंतर उतरतात, छोट्या गावांची दिवसा उडतात. मधले सात-आठ तास खुर्चीत बसून डुलक्या काढायच्या. तासाभराचं विमान असं अर्धा दिवस खातं.

विमानच घ्यायचं तर एक गोष्ट घट्ट धरा. पहिलं विमान आणि पुढचं विमान एकाच तिकिटावर, एकाच पीएनआरवर हवं. वेगवेगळी तिकिटं काढून चार पैसे वाचतात खरे, पण पहिलं उशिरा आलं आणि दुसरं चुकलं तर कोणी विचारत नाही. एकाच तिकिटावर असलं तर पुढच्या विमानात बसवून देणं कंपनीच्या गळ्यात पडतं. दुसरं वजनाचं. अमेरिकेतून येताना तेवीस-तेवीस किलोच्या दोन बॅगा सर्रास चालतात. देशातल्या विमानात वेगळं तिकीट काढलंत की पंधरा किलोची मर्यादा लागते आणि वरच्या प्रत्येक किलोला पैसे मोजावे लागतात. ते पैसे बहुतेक वेळा रेल्वेच्या एसी तिकिटापेक्षा जास्त भरतात, हे हिशेबात धरत नाही कोणी. आणि एकाच तिकिटावर असलात तरी पासपोर्टवर शिक्का आणि कस्टम हे भारतात जिथं पहिल्यांदा पाय टेकला तिथंच होतं. बॅग तिथं हातात घेऊन पुन्हा द्यावीच लागते. येतानाच्या ड्यूटी फ्रीतल्या अत्तराच्या मोठ्या बाटल्या तेव्हाच मोठ्या बॅगेत ढकला, हातातल्या बॅगेत राहिल्या तर पुढच्या तपासणीत अडू शकतात.

माझं मत रेल्वेच्या बाजूनं आहे, लपवत नाही. सीएसएमटीवरून रात्री नऊच्या सुमारास लातूरची गाडी सुटते. आठवड्यातले काही दिवस त्याच वेळेची गाडी बिदरपर्यंत जाते आणि तिचं नाव बिदर एक्सप्रेस असतं. म्हणून लातूर एक्सप्रेस दिसली नाही की आज गाडीच नाही असा अर्थ काढू नका. मध्यरात्रीच्या सुमारास पुणं, मग कुर्डुवाडी, बार्शी आणि पहाटे धाराशिव. पुण्याला उतरणाऱ्यांनी हीच पुण्यातून धरावी. या सगळ्यात तुम्ही आडवे असता, आणि सुजलेल्या पायांना दुसरं काही नको असतं. एसी थ्री टायरला चाळीस किलो सामान मोफत, टू टायरला पन्नास.

अडचण एकच. विमान पहाटे उतरतं आणि गाडी रात्रीची. तो दिवस कुठं काढायचा? नातेवाईक असतील तर उत्तम, नसतील तर विमानतळाजवळ खोली घ्या, आंघोळ करा, झोपा. पण दुपारभर झोपू नका, नाहीतर रात्री बर्थवर टक्क जागे राहाल. अमेरिकेतून आलात तर शरीराच्या घड्याळात तेव्हा सकाळ असते. संध्याकाळी सीएसएमटीला जायला आता मेट्रो तीन आहे. टर्मिनल दोनपासून थेट सीएसएमटी, मध्ये बदलायची गरज नाही. 2025 च्या ऑक्टोबरमध्ये पूर्ण लाईन सुरू झाली. दोघांत दोन बॅगा असतील तर खुशाल मेट्रोनं जा. चार बॅगा आणि कडेवर लेकरू असेल तर टॅक्सी, तिथं काटकसर नको. आणि गाडी जिथून सुटते त्या सीएसएमटीवरूनच बसा. दादर-ठाण्याला दोन-तीन मिनिटांत चार बॅगा चढवणं सोपं नाही.

ज्यांना दिवस घालवायचा नाही त्यांना मधला रस्ता आहे. दुपारी चारनंतर सुटणारी सोलापूरची वंदे भारत घ्या आणि कुर्डुवाडीला उतरा. तिथून बार्शीवरून येडशी गाडीनं दीड-दोन तास. वंदे भारत बुधवारी सुटत नाही एवढं लक्षात ठेवा. तिच्यात बसूनच यावं लागतं, म्हणून म्हाताऱ्यांना मी सुचवत नाही.

तिकिटाचं आम्हा घरच्यांवर सोपवा. विमान तुम्ही सहा महिने आधी काढता, रेल्वेचं आरक्षण साठ दिवस आधीच उघडतं, 2024 च्या नोव्हेंबरपासून. ते उघडतं तेव्हा तिकडं बहुतेकदा तुमची झोपेची वेळ असते. तत्काळ तर आणखी कठीण, आधार जोडलेलं असावं लागतं आणि ओटीपी भारतातल्या नंबरवर येतो. आणि वेटिंगचं तिकीट हातात घेऊन विमानात बसू नका. ऑनलाइन काढलेलं तिकीट चार्ट लागल्यावरही पूर्ण वेटिंगवर राहिलं तर आपोआप रद्द होतं.

डब्यात शिरलात की मोठ्या बॅगा खालच्या बर्थखाली आडव्या सारायच्या, चाकं भिंतीकडं आणि मूठ आपल्याकडं. बर्थखाली लोखंडी कडी असते, तिच्यातून साखळी ओवून मुठीतून घ्या आणि कुलूप लावा. साखळी फलाटावर मिळते, पण घरून आणलेली बरी. पासपोर्ट आणि पैसे बॅगेत नाहीत, अंगावर. उशाशी ठेवलेली पर्स हे चोराला दिलेलं आमंत्रण. खालचा बर्थ मागा. बार्शी गेलं की उठा, चादर आवरा, बॅगा दाराशी न्या. गंमत अशी की तुमची गाडी रामलिंगाच्या घाटातून चढून आपल्याच गावावरून पुढं धाराशिवला जाते. येडशीला तुमच्या गाडीचा थांबा आहे का ते वेळापत्रकात बघून ठेवा. नसला तर धाराशिवला उतरा, आम्ही गाडी घेऊन उभे असतो. वीसेक किलोमीटर मागं यायचं, त्यात काय.

रात्री मुंबईला उतरून लगेच कारनं निघणं मला अजिबात पटत नाही. रस्ते सुधारलेत, सोलापूर-येडशी आणि येडशी-छत्रपती संभाजीनगर चौपदरी झालं, हे खरं. पण चारशे किलोमीटर, चालवणारा दिवसभर दुसरं भाडं मारून आलेला, आणि शेजारी तुम्ही मान टाकून झोपलेले. त्याच्याशी बोलायला कोणी जागं नाही. कार घ्यायचीच तर सकाळी निघा.

आता उलटं सांगतो, कारण आई-बाबांना तिकडं बोलावताना हेच गणित बदलतं. मुलगा श्टुटगार्टला असतो, आई-बाबा मुंबईहून फ्रँकफर्टला उतरतात. तिथं विमानतळालाच लांब पल्ल्याच्या गाड्यांचं स्टेशन लागून आहे, श्टुटगार्टला सव्वा तासाच्या आसपास लागतो. तुम्हाला ही रेल्वे सोयीची. पण साठीपुढच्या, भाषा न येणाऱ्या दोघांना ऐन वेळी फलाट बदलल्याची जर्मन घोषणा कोण समजावणार? त्यांना एकाच तिकिटावर पुढचं विमान काढून द्या आणि व्हीलचेअर लिहून घ्या. पाय धड असले तरी लिहा, कारण ती खुर्ची ढकलणारा माणूस त्यांना रांगेतून, शिक्क्यावरून थेट पुढच्या दारापर्यंत नेतो. स्वतः घ्यायला जाणार असाल तर मात्र रेल्वेनंच आणा. परतीचं स्वस्त तिकीट एकाच ठरलेल्या गाडीला बांधलेलं असतं. विमान उशिरा आलं तर ते वाया जातं, म्हणून थोडं महाग पण कुठल्याही गाडीला चालणारं घ्या.

परत जाताना गाडी उशिरा आली तर विमान थांबत नाही. म्हणून विमानाच्या आदल्या रात्रीची नाही, तिच्याही आधीच्या रात्रीची गाडी धरा. सकाळी सीएसएमटीला उतरलात की बॅगा क्लोकरूममध्ये ठेवा. कुलूप नसलेली बॅग ते घेत नाहीत. आणि आईनं दिलेल्या लोणच्याच्या बरणीचं झाकण टेपनं तिनं नाही, तुम्ही स्वतः बांधा. ती नेहमी सैल बांधते.