जबानीतले हरवलेले वाक्य

चिरंजीव छोटीस मामाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र आणि त्यासोबतचे दोन लेख परवाच्या टपालाने पोचले. आलेल्या पत्राला त्याच दिवशी उत्तर लिहावे ही माझी कचेरीतली जुनी शिस्त. परंतु या खेपेस मी मुद्दाम तीन दिवस थांबलो, कारण तू विचारलेला प्रश्न वरकरणी लहान दिसत असला तरी माझ्या आयुष्यातील एका न फिटलेल्या ऋणाशी त्याची गाठ पडलेली आहे, आणि ते ऋण सांगितल्यावाचून तुला सल्ला देणे म्हणजे अर्धी मिसल वाचून निकाल लिहिण्यासारखे झाले असते.

तुझे म्हणणे असे की, महाविद्यालयाच्या वार्षिकांकासाठी दिलेल्या दोन लेखांपैकी स्त्री आणि समाज या विषयावरचा लेख संपादकमंडळाने जसाच्या तसा छापला, आणि बाबांच्या दुकानावरचा मजकूर ‘घरगुती’ असा शेरा मारून परत केला; म्हणून आता दरमहा चार पानांचा स्वतःचा अंक काढावा, झेरॉक्सच्या चाळीस प्रती करून ओळखीपाळखीत वाटाव्या, असा तुझा बेत आहे; मात्र लिहिणाऱ्याचा स्वतःचा आवाज म्हणून जो काही असतो तो आपल्याला अद्याप सापडलेला नाही, तेव्हा तो सापडेपर्यंत थांबावे काय, आणि खरे नाव घालावे की टोपणनाव, याविषयी तुझे मन द्विधा झाले आहे.

थांबू नकोस, हे सर्वांआधी सांगून टाकतो. पहिला अंक येत्या महिन्यातच काढ.

छापून आलेला लेख मी दोनदा वाचला. भाषा शुद्ध आहे, विचार कोणालाही पटावेत असे आहेत. परंतु तुझ्याऐवजी तुझ्या वर्गातील दुसऱ्या कोणी तो लिहिला असता, तर त्यातील एकही वाक्य बदलले असते असे मला वाटले नाही. परत आलेला कागद मात्र मी तुझ्या मामीला मोठ्याने वाचून दाखविला. थानातून कापड उलगडून बाबा ते मीटरपट्टीवर मोजतात, काठाशी कात्रीने बोटभर खाच देतात, कात्री बाजूला ठेवतात आणि मग दोन्ही हातांनी कापड टरकावतात. वर माडीवर अभ्यास करीत बसलेल्या तुला त्या आवाजावरूनच खाली मांजरपाट फाटले की पॉपलिन, हे न पाहता कळते. आणि मापापेक्षा चार बोटे कापड ते नेहमी अधिक सोडतात, रोखीच्या गिऱ्हाइकाला जेवढे तेवढेच उधारीच्याला. हे वाचताना मामी मध्येच म्हणाली, ‘हे पोरीनं कान देऊन ऐकलंय.’ तू ज्याचा शोध घेत आहेस तो आवाज या कागदावर आलेला आहे, आणि तो आला तेव्हा तू आवाजाचा विचार करीत नव्हतीस, कापडाच्या फाटण्याकडे तुझे लक्ष होते.

आता माझे ऋण. १९७२ च्या दुष्काळात मी एका तालुक्याच्या कचेरीत नुकताच कारकून म्हणून लागलो होतो. खडी फोडण्याच्या कामावरील बायकांनी मजुरी कमी मिळाल्याबद्दल अर्ज दिला होता, त्याच्या चौकशीसाठी साहेबांसोबत मला कामावर नेण्यात आले, आणि जबान्या लिहून घेण्याचे काम माझ्याकडे आले. बाभळीखाली सतरंजी टाकून बसलो होतो. एक साठीच्या घरातील बाई पुढे आली, मुकादमाने वहीत धरलेले माप खोटे आहे असे म्हणाली, आणि दोन्ही तळहात माझ्यापुढे उघडून म्हणाली, ‘वहीत काय मोजता, बाबा? ह्या घट्ट्यांत मोजा.’ मी क्षणभर त्या हातांकडे पाहिले, आणि कागदावर लिहिले, ‘सदरहू इसम हिचे कथन की तिला मापाप्रमाणे मजुरी मिळाली नाही.’ शेवटी ठरलेले वाक्य घातले की, जबाब वाचून दाखविला, तो सांगितल्याप्रमाणे बरोबर आहे. आणि त्याखाली तिचा अंगठा घेतला.

छोटे, तो जबाब सांगितल्याप्रमाणे बरोबर नव्हता. त्यात खोटे अक्षर एकही नव्हते, तरी ती बाई त्यात कोठेच नव्हती. पुढे त्या बायकांच्या साऱ्या जबान्या एकाखाली एक लावल्यावर सगळ्याच एकसारख्या दिसू लागल्या, आणि एकसारख्या दिसतात म्हणून पढविलेल्या असाव्यात, असा अभिप्राय वरून येऊन प्रकरण दप्तरी दाखल झाले. त्या एकसारख्या मी केल्या होत्या. पुढील तीसबत्तीस वर्षांत मी किती मसुदे लिहिले याची गणती नाही, आणि पुष्कळांनी माझ्या मसुद्यांची वाखाणणीही केली. परंतु त्या बाईचे वाक्य माझ्या डोक्यातून गेले नाही, आणि जेथे ते असावयास हवे होते त्या कागदावर ते कधीच येणार नाही. आवाज हरवतो तो असा: कोणी तोंड दाबून धरावे लागत नाही, घडवलेली, गुळगुळीत, सर्वमान्य भाषा हाताशी असली म्हणजे पुरते. तुझा छापलेला लेख वाचताना मला माझीच जबानीची भाषा आठवली, म्हणून इतके स्पष्ट लिहिले. राग मानू नकोस.

तुझ्या जळगावजवळच आसोदे आहे. तेथे जन्मलेल्या बहिणाबाईंना लिहितावाचता येत नव्हते. शेतात आणि जात्यावर त्यांच्या मुखातून जे येई ते त्यांचे चिरंजीव सोपानदेव आणि नात्यातील एक गृहस्थ टिपून ठेवीत, आणि १९५१ साली बहिणाबाई गेल्यावर पुढच्याच वर्षी ती गाणी पुस्तकरूपाने निघाली. सोपानदेव स्वतः प्रमाण मराठीतले नावाजलेले कवी होते. आईचे शब्द थोडे सारखे करून घेणे त्यांना किती सोपे होते! परंतु खानदेशी बोली जशी आली तशी कागदावर उतरली, आणि म्हणून आज आपल्याला बहिणाबाई ऐकू येतात. जबानी कशी लिहावी हे ज्याला शिकावयाचे असेल त्याने ते तेथे शिकावे. दुकानातील गिऱ्हाइके तुझ्या अंकात पुस्तकी बोलू लागली, तर त्या पानावर मी पूर्वी कचेरीत मारीत असे तसा लाल शेरा मारीन.

‘घरगुती’ या शब्दाने तू खचलीस, असे पत्रावरून दिसते. १८५५ साली ‘ज्ञानोदया’त पुण्याच्या एका चौदा वर्षांच्या मुलीचा निबंध दोन भागांत छापून आला. मुक्ता साळवे तिचे नाव. मांग समाजातली, जोतीराव आणि सावित्रीबाईंच्या शाळेत शिकलेली. मांगमहारांच्या दुःखाविषयी लिहिताना वेदांवर हक्क कोणाचा, मग आमचा धर्म कोणता, असले प्रश्न तर तिने धर्मशास्त्र्यांच्या तोंडावर विचारलेच. पण त्याच निबंधात आपल्या बायका बाळंत होतात तेव्हा घरावर छप्परदेखील नसते आणि ऊन, पाऊस, थंडी अंगावर घेत त्यांना ते दिवस काढावे लागतात, हेही तिने लिहिले. याहून घरगुती गोष्ट ती कोणती? आणि त्या एका छपराच्या उल्लेखाने तिचा निबंध इतका जड होतो की, त्या काळच्या विद्वानांचे कितीतरी सुरचित ग्रंथ आज कोणी उघडीत नाही आणि हा निबंध वाचला जातो. ते छप्पर नसलेले घर तिच्या माहितीतले होते, आणि त्याविषयी लिहावयास तिने कोणाच्या मंजुरीची वाट पाहिली नाही.

स्वतःची जागा असावी, हा तुझा विचार मला मनापासून मान्य आहे, कारण चारचौघांच्या कागदात चारचौघांचे मत सांभाळावे लागते, आणि त्यात कोणाची लबाडी असते असेही नाही. आगरकर हे ‘केसरी’चे पहिले संपादक; पण पत्र होते मंडळीचे, आणि समाजसुधारणेच्या बाबतीत त्यांना जे आणि ज्या शब्दांत म्हणावयाचे होते ते मंडळीला पेलणारे नव्हते. १८८७ मध्ये ते तेथून बाहेर पडले आणि १८८८ मध्ये त्यांनी ‘सुधारक’ काढला. दम्याने जर्जर झालेला तो मनुष्य १८९५ साली, वयाच्या अवघ्या एकोणचाळिसाव्या वर्षी गेला. मधल्या सहासात वर्षांत त्याने जे लिहिले ते दुसऱ्याच्या पत्रात बसून लिहिता आले नसते.

टोपणनावाविषयी माझे मत संमिश्र आहे. गोपाळ हरी देशमुखांनी १८४८ पासून ‘प्रभाकरा’त जी पत्रे लिहिली, ज्यांना शतपत्रे म्हणतात पण जी मोजू गेल्यास १०८ भरतात, ती ‘लोकहितवादी’ या नावाने लिहिली. आणि सरकारी चाकरीतील पंचविशीच्या ब्राह्मणाने स्वजातीच्या वैगुण्यांवर इतके प्रखर लिहावे, त्या काळी तो आडोसा मी क्षम्य मानतो. उलट ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली ‘स्त्री-पुरुष तुलना’ स्वतःच्या नावाने छापली. सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेचा खटला नुकताच गाजला होता, पत्रांतून सरसकट स्त्रीजातीवर कोरडे ओढले जात होते, आणि बुलढाण्याच्या एका हेडक्लार्काच्या मुलीने त्यास असे उत्तर दिले की, पुढे १८८५ मध्ये जोतीरावांना ‘सत्सारा’त तिची बाजू घेऊन उभे राहावे लागले. त्यानंतर तिचे दुसरे पुस्तक निघाले नाही. ते एक पुस्तकही विस्मृतीत गेले होते; १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा प्रकाशात आणले. नाव घालण्याची किंमत असते, ती तुझ्यापासून लपवून ठेवणे मला योग्य वाटत नाही. तरीही माझे सांगणे असे की, स्वतःच्या दुःखासाठी हवे तर आडोसा घे, पण ज्या ओळीत दुसऱ्या कोणावर दोष ठेवशील त्या ओळीखाली स्वतःची सही असू दे. म्हणजे ती ओळ लिहिण्यापूर्वी तू चौकशी करशील.

आणि बाबांना विचारल्यावाचून त्यांच्या दुकानाचे पान छापू नकोस. उधारीच्या गिऱ्हाइकांची नावे तर मुळीच नकोत. त्यांचे खाते बाबांच्या वहीत आहे, तुझ्या अंकात नाही. घटनेच्या एकोणिसाव्या कलमाने भाषणस्वातंत्र्य तुला दिलेले आहे, पण चोपड्यातील उधारी तुला कोणी दिलेली नाही.

नियमितपणाचे काय सांगू? विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ च्या जानेवारीत ‘निबंधमाला’ सुरू केली तेव्हा त्यांना चोविसावे वर्ष चालू होते आणि ते सरकारी शाळेत मास्तर होते. सात वर्षांत ८४ अंक निघाले आणि त्यांतील बहुतेक सर्व मजकूर एकट्याने लिहिला. त्यांची पुष्कळ मते, विशेषतः जोतीरावांविषयी त्यांनी जे लिहिले ते, मला तेव्हाही पटले नाही आणि आताही पटत नाही. परंतु महिना उजाडला की अंक निघालाच पाहिजे, या जोखडाखाली मान दिल्याने त्यांच्या वाक्याला जो डौल आला तो मी नाकारू शकत नाही. तुझी चार पाने आहेत. एखाद्या महिन्यात दोनच भरली तर दोनच काढ, पण महिना चुकवू नकोस.

पहिल्या अंकात दुकानाचेच पान घाल, मात्र एक गोष्ट त्यात राहिली आहे. बाबा टरकावण्यापूर्वी खाच कात्रीने देतात हे तू लिहिलेस. पण एकदा खाच पडल्यावर कापड सरळ का फाटत जाते, आणि कोणते कापड तसे जात नाही, ते त्यांना विचार, आणि ते सांगतील त्याच शब्दांत लिही. ‘सदरहू’ नको.

चाळीस प्रतींच्या खर्चाचे पैसे मनीऑर्डरने पाठवीत आहे. पहिली प्रत मामीच्या नावाने धाड; चष्मा माझा चांगला असला तरी कान तिचे अधिक चांगले आहेत. तुझ्या आईस व बाबांस माझा नमस्कार सांग, धाकट्यास आशीर्वाद.

तुझा
मामा