जुन्या माउंटन बाइकवर खर्च करावा का?

प्रश्न : माझी 26 इंची, 21 गिअरची माउंटन बाइक बरीच जुनी आहे. रोज डहाणू ते बोर्डी, रविवारी कोसबाडचा चढ किंवा तलासरीकडचे कच्चे रस्ते. चेन घसरते, शॉकअप आखडलाय. नवे गिअर आणि डिस्क ब्रेक बसवू की नवीच घेऊ?
– एक वाचक, डहाणू

उत्तर : आधी फ्रेम बघा. खाऱ्या हवेत पोलादी फ्रेम आतून सडते. सीटची दांडी उपसून सायकल उलटी करा. नळीतून गंजाचे पोपडे पडले, किंवा पॅडलजवळच्या जोडावर रंग फुगलेला दिसला, तर एक रुपयाही घालू नका.

फ्रेम ठणठणीत असेल तर चेन मोजा. पिनेच्या मध्यापासून 24 कड्या नव्या चेनमध्ये बरोबर 12 इंच भरतात. तीन मिलिमीटर वाढ म्हणजे मागच्या फ्रीव्हीलचे दातही गेलेत. नुसती चेन बदललीत तर तीही घसरणारच; दोन्ही एकदम बदला. मागचे गिअर सातचेच ठेवा, सुटे भाग कुठेही मिळतात.

डिस्क ब्रेकचा नाद सोडा. फ्रेमला कॅलिपर अडकवायचे कान नसतील तर प्रश्नच मिटला. असले तरी हब, फोर्क बदलता बदलता बिल नव्या सायकलच्या घरात जातं. जुने ब्रेक नव्या रबरांवर आणि केबलवर छान चालतात. शॉकअपच्या जागी तेवढ्याच उंचीचा साधा फोर्क टाका, बोर्डीच्या डांबरी रस्त्याला पुरतो.

भर पावसात तलासरीच्या चिखलातच फिरायचं असेल, तर मात्र डिस्कवाली नवीच घ्या. जुनी बाजारहाटाला राहू द्या.