पिता-पुत्राच्या एकतत्त्वाचा वाद

मु. शहापूर
चि. पुतणीस, मु. मुरबाड.

विशेष. ख्रिस्ती धर्मेतिहासाकडे वळणाऱ्या मुलीने चौथ्या शतकातील हा वाद वाचताना विजयी पक्षाच्या निर्णयापासून आरंभ करू नये. पराभूत पक्षाला कशाची धास्ती होती, ते आधी पाहावे. अलेक्झांड्रियाचा धर्मगुरू एरियस याचे म्हणणे असे की, ईश्वर एकच आणि अनादी असल्याने पुत्र, म्हणजे येशूच्या रूपाने देहधारी झालेला ईश्वरी ‘शब्द’, हा सृष्टीच्या आधीचा असला तरी निर्मिलेलाच होय. सम्राट कॉन्स्टन्टाइनला हा तंटा प्रथम क्षुल्लक वाटला (राज्यकर्त्यांना असे तंटे बहुधा तसेच वाटतात), तरी 325 मध्ये नायसियाला धर्मपरिषद त्यालाच बोलवावी लागली, आणि तिने पुत्र ‘होमोऊसिऑस’, म्हणजे पित्याशी एकतत्त्व असल्याचे ठरवले. या निर्णयाचा कैवारी अथनेशियस याचा युक्तिवाद असा की, जो स्वतः निर्मित आहे तो इतर निर्मितांना ईश्वरापर्यंत नेऊ शकत नाही. पुढे सम्राटांचे पक्ष बदलत गेले, अथनेशियसला पाच वेळा हद्दपार व्हावे लागले, आणि 381 च्या कॉन्स्टँटिनोपल परिषदेत नायसियाचा पक्ष पुन्हा उचलून धरला गेला.

मुरबाड-शहापूरकडे कीर्तनातून अद्वैत कानावर पडलेले असल्यामुळे ‘एकतत्त्व’ शब्द दिसताच जीव-ब्रह्मैक्य आठवते. तो मोह टाळावा. येथे निर्माता आणि निर्मित यांतील भेद दोन्ही पक्षांना मान्यच होता, पुत्र त्या रेषेच्या कोणत्या बाजूस, एवढाच प्रश्न होता.

हाच प्रश्न मराठी विदुषीने विचारलेला पाहायचा असेल, तर पंडिता रमाबाईंकडे जावे. बंगालमध्ये ब्राह्मोसमाजाच्या एकेश्वरवादाशी परिचय झालेल्या रमाबाईंनी 1883 मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला, तरी त्रैक्य, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एक ईश्वर, हा सिद्धान्त व ख्रिस्ताचे देवत्व त्यांना सहजी पटले नाही. वाँटेजच्या मठातील सिस्टर जेराल्डाइन यांना त्या शंकांत अहंकार दिसला. चेल्टनहॅमच्या मुलींच्या कॉलेजच्या प्राचार्या डोरोथिया बील यांनी मात्र शंकांना शंका म्हणूनच उत्तरे दिली, आणि शिक्षक म्हणून त्याच सरस ठरतात. रमाबाईंचा या दोघींशी झालेला पत्रव्यवहार महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने 1977 मध्ये इंग्रजीत प्रसिद्ध केला आहे. त्यातील बील यांच्याशी झालेला भाग प्रथम वाचावा, आणि रमाबाईंचा कोणता आक्षेप एरियसशी जुळतो व कोणता सर्वस्वी त्यांचा स्वतःचा आहे, याचे टिपण करून दिवाळीच्या सुट्टीत सोबत आणावे.

कळावे. आशीर्वाद.
काका