दिवा बेताचा, पाणी जड

बीदर-कलबुर्गीकडे घरी माशांची टाकी लावणाऱ्याची पहिली फजिती माशांपायी होत नाही, दिव्यापायी होते. वॅलिसनेरिया आणि कॅबोम्बाच्या दोन-चार जुड्या आणायच्या, झाडाला ऊन हवंच म्हणून टाकी खिडकीशी मांडायची आणि वरचा झगझगीत एलईडी सकाळपासून निजानीज होईपर्यंत चालू ठेवायचा. थोड्याच दिवसांत काचेवर हिरवा थर चढतो, पाठोपाठ पानांच्या कडांना काळपट, केसाळ शेवाळ धरतं. मग खत विकत येतं आणि शेवाळ आणखी माजतं.

यातली गोम शाळेतल्या हायड्रिलाच्या प्रयोगातच आहे. उपडं नरसाळं, वर परीक्षानळी आणि उन्हात वर येणारे ऑक्सिजनचे बुडबुडे सगळ्यांना आठवतात. पाण्यात चिमूटभर खाण्याचा सोडा टाकला होता, हे मात्र विसरतात. तो सोडा म्हणजे झाडाचा कार्बन. कार्बन तोकडा असेल, तर वाढवलेला उजेड झाडाच्या कामी येत नाही. तो शेवाळाच्या पथ्यावर पडतो.

या भागात आणखी एक गोष्ट आडवी येते, ती म्हणजे पाणी. शहाबाद, सेडम, वाडी हा चुनखडकाचा पट्टा आहे; तिथल्या बोअरचं पाणी जड असतं. अशा पाण्यात बायकार्बोनेट भरपूर असतं आणि हायड्रिला, वॅलिसनेरिया त्यातून कार्बन घेऊ शकतात. घेताना पानावर चुन्याची पांढरी, बोटाला खरखरीत लागणारी पापडी बसते. तो रोग नव्हे, औषध घालू नये. कॅबोम्बाला ही सोय जमत नाही. मऊ पाण्याची ती वनस्पती इथे झडत जाते. नवख्याने वॅलिसनेरिया, जावा फर्न आणि अनुबियास यांवरच भागवावं. शेवटच्या दोघांचं आडवं खोड वाळूत पुरलं की कुजतं. ते दगडाला दोऱ्याने बांधावं.

दगड कोणता, हेही पाहावं लागतं. शहाबादी फरशीचा तुकडा शोभेला छान दिसतो, पण तो चुनखडक. पाण्याचा जडपणा आणखी वाढवतो. वाळूत चुनखडीचे खडे असतात, तेही तसेच. दगडावर व्हिनेगरचे थेंब टाकले आणि फेस आला, तर तो टाकीबाहेरच बरा.

बीदरकरांच्या पायाखाली मात्र कामाची वस्तू आहे. ज्या जांभ्यात बीदरच्या किल्ल्याचा तिहेरी खंदक कोरला आहे, त्या जांभ्यात लोह भरपूर. जर्मनीतल्या डुप्ला कंपनीने 1980च्या दशकात टाकीच्या तळाशी जांभ्याची माती घालण्याची पद्धत रूढ केली. जड पाण्यात विरघळलेलं लोह टिकत नाही, नवी पानं पिवळी पडतात. तळाच्या ऑक्सिजन कमी असलेल्या थरात मुळांना ते मिळू शकतं. खत-फवारणी न झालेल्या जागेची माती धुऊन पातळ थर द्यावा, वर दोन इंच धुतलेली वाळू. नंतर झाडं उपटून जागा बदलली, की पाणी लाल झालंच म्हणून समजा.

आता दिव्याचा हिशेब. दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि तितक्याच उंच टाकीत पन्नासेक लिटर पाणी मावतं. वरच्या तीन झाडांना लिटरमागे 15 ते 20 ल्यूमेन पुरे. घरातला 9 वॅटचा पांढरा एलईडी बल्ब साधारण 900 ल्यूमेन देतो. सुरुवातीला रोज 6 तास, झाडं रुजल्यावर फार तर 8. टायमर लावावा, पण काट्याचा टायमर वीज गेली की थांबतो. लोडशेडिंगनंतर वेळ जुळवून घ्यावी. टाकी खिडकीपासून दूरच हवी.

एप्रिल-मेमध्ये कलबुर्गीचा पारा चाळिशी ओलांडतो. गरम पाण्यात ऑक्सिजन कमी विरघळतो, त्यात रात्री झाडंही तो वापरतात. म्हणूनच भर हिरव्या टाकीतले मासे पहाटे वर येऊन तोंडं उघडझाप करताना दिसतात. अशा दिवसांत रात्रभर हवेचा पंप चालू ठेवावा आणि पृष्ठभागावर छोट्या पंख्याचा वारा सोडावा. पंख्याने पाणी आटतं, क्षार मात्र टाकीतच राहतात. तूट भरायला बोअरचं नव्हे, आरओचं पाणी घ्यावं.

छाटलेली झाडं गावतळ्यात किंवा कारंजा जलाशयात टाकू नयेत. आपल्याकडचा साधा हायड्रिला 1950च्या दशकात टाक्यांच्या व्यापारातून फ्लोरिडात पोचला आणि तिथले कालवे, तळी त्याने व्यापली. छाटण कडक उन्हात वाळवून कुंडीच्या मातीत मिसळावं.